जांभळा देठ

दार उघडताच शेजारच्या सुल्मानं बशी पुढे केली. एल्बिओ लारोसाच्या एका हातात किल्ल्या होत्या, दुसऱ्या हातात पावाची पिशवी. आणि यातलं काहीही खाली पडलं नाही, ही गोष्ट त्याला पुढे कितीतरी दिवस खटकत राहिली. बशीत तीन बिया होत्या. मिऱ्याहून लहान, तपकिरी, अंगावर करडे पट्टे. कप ठेवायच्या खोलगट भागात घरंगळून त्या एकमेकींना टेकल्या होत्या. "माझ्या झाडावर सापडल्या," सुल्मा म्हणाली. "पहिल्याच कुंडीत. बाकीची पाच झाडं बघायचा धीर होत नाही. वर येतोस का?" तिचा आवाज तक्रारीचा नव्हता. घरात कुणी पडलं तर माणूस शेजाऱ्याला बोलावतं, तसा होता. त्यानं पाव आत ठेवला आणि तिच्यामागून गच्चीचा जिना चढला. वर काय दिसणार ते त्याला ठाऊक होतं. त्याच्या स्वतःच्या दोन झाडांवर त्यानं ते आठवड्यापूर्वीच पाहिलं होतं, आणि पाहून हात धुतले होते.

एप्रिल होता. मॉन्टेव्हिडिओत या दिवसांत, उन्हाळा सरून पीक कापायच्या वेळी, गच्च्यांवर माणसं दिसतात. कात्र्या, वर्तमानपत्राचे कागद, माते या कडू पानांच्या काढ्याचा थर्मास, आणि सगळ्या मोहल्ल्यावर गांजाचा तो दाट, ओल्या लाकडासारखा वास. सुल्माच्या सहा कुंड्या कठड्याला लागून एका रांगेत होत्या. एल्बिओनं दुसऱ्या झाडाचा तुरा दोन अंगठ्यांनी अलगद उकलला. प्रत्येक हिरव्या पाकळीच्या पोटात एक दाणा बसला होता. तिसऱ्यात तेच, चौथ्यात तेच. आपण हे किती सवयीनं करतो आहोत, याचं त्याला नवल वाटलं. कुणाच्या तोंडात आरसा घालून किडलेला दात दाखवावा तसं. "सगळ्यांतच," तो म्हणाला. सुल्मा उपड्या बादलीवर बसली. सत्तरी ओलांडलेली, बारीक चणीची बाई. बसली की पाय जमिनीला नीट टेकत नसत. "आणि तुझ्यात?" तिनं विचारलं. माझ्यातही, असं त्यानं सांगितलं. हे खरं होतं. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, अरेरे, तुझं तर पहिलंच वर्ष.

तो हात त्याच्या गुडघ्यावरून पुढे उठला नाही. म्हणजे उठला, ती खाली गेली, भावाच्या, ओमारच्या जेवणाची वेळ झाली होती. पण एल्बिओ घरी येऊन कामाला बसला, दिवा लावला, तरी ते वजन तिथेच होतं. तो दात बनवायचा. शहरातले चार-पाच दंतवैद्य त्याच्याकडे साचे पाठवत, सोबत चिठ्ठी: अमुक दात, अमुक छटा. पोर्सेलीनची भुकटी पाण्यात कालवून, मांजराच्या मिशीएवढ्या ब्रशानं थरावर थर चढवून तो भट्टीत भाजत असे. तीस वर्षांत त्याची नजर पांढऱ्या आणि पिवळ्यामधल्या पट्ट्यात इतकी मुरली होती, की त्याची बायको मिर्ना सोडून जाताना म्हणाली होती, मी बोलत असते तेव्हा तू माझे दात बघतोस. ते खरं होतं. तिचे समोरचे दोन वेगवेगळ्या छटांचे होते आणि ते कुणालाच दिसत नसे. छटांच्या पट्टीवर नमुन्याचे दात ओळीनं लावलेले असतात. पांढरट, लोण्यासारखे, चहाचे, राखेचे. त्या पट्टीवर एकही रंग नाही, हे त्याला मागच्या वसंतात अचानक जाणवलं. बियाणांच्या दुकानात काउंटरवर एक बरणी होती आणि बरणीत एकच सुकलेला तुरा, जांभळा. कडेला जवळजवळ काळा, आत वाईनचा, आणि वर दंव पडल्यासारखा चीक. त्याचे वडील हुआन लाकासे गावच्या लोकरीच्या गिरणीत रंगखात्यात होते. ते घरी येत तेव्हा दारातूनच त्यांचे हात बघून आज कुठला रंग होता ते कळायचं. लाल दोन दिवसांत जाई, निळा चार. जांभळा नखांच्या मुळाशी महिनाभर राही. पावाच्या दुकानात लोक म्हणत, काय लारोसा, आज पाद्र्याचे झगे रंगवले वाटतं. एल्बिओनं त्या बिया घेतल्या तेव्हा दुकानदारानं सांगितलं की यांच्या रक्तातच जांभळा आहे. थंडी द्या फक्त.

सुल्मानं त्याला तेव्हाच सावध केलं होतं. तिची आजी मिरचीची रोपं वाढवायची, आई गुलाब, ती हे. तिघींच्या बोलण्यात फारसा फरक नसावा. रंग येतो तीन वाटांनी, ती म्हणाली होती. रक्तात असला तर येतो. थंडी लागली तर येतो. नाहीतर झाड उपाशी राहिलं तर येतो. उपाशी झाडाचे देठ जांभळे होतात आणि बावळट लोक त्याचे फोटो काढतात. आणि जांभळ्यात जोर जास्त असतो म्हणतात, ते काही खरं नाही. ओमारच्या पायांना रंग दिसत नाही. ओमार तिचा धाकटा भाऊ. बंदरात क्रेनवर होता. मणक्याच्या दुखण्यानं पाय गेले, पण पुरते गेले नाहीत. ते आपल्या मनानं लाथा झाडत. जेवताना, झोपेत, गोष्ट ऐकताना. सुल्मा फुलं ऑलिव्हच्या तेलात मंद आचेवर ठेवून तेल काढायची. ते जिभेखाली घेतलं की पाय निवत, आणि ओमार झोपे, आणि मग सुल्मा झोपे. सहा कुंड्यांचं तेल पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरायचं. फार्मसीतून घेता आलं नसतं, कारण गांजा तिथे कायदेशीर असला तरी तिची सरकारी नोंद घरी लावणाऱ्यांत होती आणि एका माणसाची नोंद एकाच ठिकाणी होते. एल्बिओचीही तीच अडचण. हे त्यानं त्या दुपारी भट्टी तापत असताना तपासून पाहिलं होतं. भरपाईची एकही वाट कायद्यात नव्हती.

आणि त्याच्या कुंडीत नर झाड सापडलं तेव्हा तर त्यानं सगळं रीतसर केलं होतं. पुन्हा पुन्हा तो इथे येऊन थांबे, कारण इथपर्यंत तो स्वच्छ होता. त्यांच्या गच्च्यांवर रीत अशी की ज्याच्या कुंडीत नर निघेल त्यानं मोठ्यानं सांगायचं, कारण नराचा पराग उडाला की आसपासच्या माद्यांत बिया धरतात आणि फुलं वाया जातात. कठड्याशी उभं राहून, चारी दिशांना. मग आजूबाजूच्या गच्च्यांवरची माणसं आपापली झाडं तपासतात, कुणी शिट्टी वाजवतं, कुणी सांत्वन करतं. आणि ज्याचा नर तो त्याला ओल्या गोणपाटात गुंडाळून मुळासकट उपटून टाकतो. फेब्रुवारीत त्याच्या तिसऱ्या झाडाच्या पेरांवर बारीक गोळ्या दिसल्या तेव्हा तो कठड्याशी गेला आणि ओरडला. आयुष्यात इतक्या मोठ्यानं तो कधी ओरडला नव्हता. पलीकडच्या गच्चीवर कुणी टाळ्या वाजवल्या. सुल्मानं त्याला मधाची ग्रापा दारू पाजली आणि म्हणाली, आता तू आमच्यातला झालास. पेला संपवून त्यानं कुंडी गोणपाटात गुंडाळली आणि गच्चीच्या कोपऱ्यातल्या कपडे धुण्याच्या खोलीत नेली. ती खोली त्याच्या घराबरोबर आलेली, किल्ली त्याच्याचकडे. तिथे सिंकमध्ये झाड उपटायचं, पिशवीत घालायचं, संपलं. त्यानं गोणपाट काढलं. त्या गोळ्यांच्या बुडाशी, देठ फुटतो तिथे, रंग होता. फार थोडा. सुईच्या टोकावर घेता येईल एवढा. त्याच्यासारख्यालाच दिसावा असा. उरलेल्या दोन झाडांवर तो नव्हता, आणि पुढेही आला नाही. जांभळं म्हणून हिरवंच मारलं तुझ्या गळ्यात, असं सुल्मा पुढे महिनाभर चिडवत होती.

उद्या उपटू, असं त्याला वाटलं. असं रोज वाटलं. गोळ्या बंद होत्या. फुटायला अवकाश होता. खोलीचं दार बंद, खिडकी बंद. सकाळी दाढी करायच्या आधी तो वर जाई. गोळ्या लांबल्या, झुबके झाले, द्राक्षांच्या घडासारखे लोंबू लागले, आणि तो रंग बुडापासून वर सरकत गेला. कोणती छटा म्हणावी ते त्याला ठरवता येईना, आणि हे सुख त्याला नवीन होतं. कुणी चिठ्ठीवर लिहून पाठवलेला रंग नव्हता तो. तो फ्रीजमधला बर्फ नेऊन मुळाशी ठेवू लागला. एकदा सुल्मा जिन्यात भेटली आणि तिनं बर्फाच्या ट्रेकडे पाहिलं. तो म्हणाला, गुडघा सुजलाय. त्या संध्याकाळी तिनं दारातून मलमाची डबी दिली. मग मार्चमध्ये रेडिओवर सांगितलं की पाम्पेरो येतोय. दक्षिणेकडचा तो वारा आला की काही तासांत उन्हाळा फाडून टाकतो. लोक स्वेटर शोधतात, दोऱ्यांवरचे कपडे उडून दुसऱ्यांच्या गच्चीत जातात. एल्बिओला त्यातलं फक्त थंडी एवढंच ऐकू आलं. दिवस मावळायच्या सुमाराला तो वर गेला, आणि त्यानं कपडे धुण्याच्या खोलीची दक्षिणेची खिडकी सताड उघडली. झाड हललं. त्यानं त्याला खिडकीच्या आणखी जवळ सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सिंकवर, नळावर, फरशीवर पिवळी पूड होती. फार सुंदर होती. त्याच्या सगळ्यात उबदार पोर्सेलीनपेक्षा एक छटा गडद. खोलीचं दार झडपांचं होतं, कपडे वाळताना हवा खेळावी म्हणून केलेलं. वारा खिडकीतून आला होता, झाडावरून गेला होता, आणि झडपांतून बाहेर पडला होता. बाहेर, दाराच्या अगदी समोर, कठड्याला लागून सहा कुंड्या. त्यानं झाड उपटलं तेव्हा ते आतून बाहेरून जांभळं होतं. ओल्या फडक्यानं त्यानं फरशी पुसली, नळ पुसला, झडपा एकेक करून पुसल्या. हात धुतले. पूड लगेच निघून गेली. नखांतसुद्धा काही राहिलं नाही, आणि त्याच्या मनात आलं की वडिलांना हे जमलं नसतं.

बिया निघाल्यावर सुल्मानं दोन दिवस विचार केला आणि मग तिला दोष द्यायला यामांदू सापडला. यामांदू तळमजल्यावर राहायचा. मांसाच्या घाऊक बाजारात अर्धे बैल खांद्यावरून गाडीत चढवणारा दांडगा माणूस, चाळिशी उलटलेला, कुणालाही उस्ताद म्हणणारा. मागच्या चौकात त्याची दोन झाडं होती आणि त्यांची नोंद कुठेच नव्हती. वारा चौकातून वर येतो, सुल्मा म्हणाली, धुराड्यातल्या धुरासारखा. ती बशी घेऊन खाली गेली. एल्बिओ तिच्यामागून निम्म्या जिन्यापर्यंत गेला आणि तिथे थांबला. यामांदूनं आधी हसण्यावारी नेलं. मग त्याला दिसलं की बाई हसत नाहीये. "दोन्या सुल्मा, माझी बियांची नाहीतच," तो म्हणाला, वडीलधाऱ्या बाईला म्हणायचं ते मानाचं दोन्या लावून. "मित्राच्या मादी झाडाच्या फांद्या लावल्यात. फांदीतून नर कसा निघेल? या, बघा ना आत येऊन." ती म्हणाली, बघून काय करू, नर काय आता बसून राहिला असेल. चोरून लावणारा माणूस खरं कशाला बोलेल, असंही म्हणाली. दुसऱ्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं आणि बंद झालं. यामांदूनं वर पाहिलं, जिन्यात उभ्या एल्बिओकडे. "उस्ताद, तू तरी सांग यांना. कलमातून होतं का असं?" एल्बिओला ठाऊक होतं की होत नाही. मादीची फांदी मादीच. ते वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं, घासून गुळगुळीत केलेलं, फक्त बसवायचं बाकी. तो म्हणाला, "मला यातलं फारसं कळत नाही. माझं पहिलंच वर्ष." यामांदूनं त्याच्याकडे क्षणभर जास्त पाहिलं. तेवढंच. मग तो सुल्माला म्हणाला की तुम्हाला असं वाटत असेल तर असू द्या, आणि आत गेला. दार त्यानं आपटलं नाही.

खरा घाव कुठे बसला ते शनिवारी कळलं. इमारतीला लिफ्ट नव्हती. दर शनिवारी दुपारी यामांदू वर यायचा, ओमारला पाठीवर घ्यायचा, आणि तीन मजले उतरून कोपऱ्यावरच्या बोचाच्या क्लबात नेऊन बसवायचा, जिथे म्हातारे लाकडी चेंडू टाकत आणि ओमार प्रत्येक चेंडूवर टीका करे. उतरताना यामांदू त्याला म्हणे, आज पुढच्या मांडीचं वजन वाढलंय, भाव चांगला येईल. आणि ओमार त्याच्या कानात शिव्या देई. सगळ्या जिन्याला ऐकू येत. ओमारचे पाय मध्येच झाडत आणि बूट भिंतीला घासत. वळणावळणावर चुन्यात काळे ओरखडे होते. त्या शनिवारी कुणी आलं नाही. बोलावणं गेलं नाही आणि तो आला नाही. एल्बिओनं आपल्या घरात बसून ऐकलं: ओमारनं विचारलं, आज कोणता वार. सुल्मानं सांगितलं, शुक्रवार.

मग एल्बिओ मदतीला गेला. यापेक्षा वाईट काही करता आलं असतं असं त्याला वाटत नाही. सुल्मानं झाडं कापून सुकवली होती. बियांसकट तेलात घालून चालणार नव्हतं, तेल कडवट होतं, आणि बिया निवडता निवडता तिची बोटं चिकानं काळी होऊन आखडली होती. त्यानं कामाचे चिमटे आणले, भिंग आणलं, डोक्याला लावायचा दिवा आणला. तिच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून तो तुऱ्यातून एकेक दाणा उपसू लागला. तो हे फार चांगलं करत होता. त्याच्या हातून एक पाकळी फाटत नव्हती. बिया बशीत पडताना बारीक टिकटिक होई, आणि टेबलाच्या टोकाला ओमार बसलेला असे, अंगावर घोंगडी, आणि मध्येच त्याचा पाय टेबलाला बसे नि बशी उडे. "हा तुझे सगळे दात मोजतोय की काय," ओमार बहिणीला म्हणाला. त्याची जीभ शाबूत होती. सुल्मा हसली, मग मातेचा पेला एल्बिओकडे सरकवून म्हणाली, "तू नसतास तर मी काय केलं असतं रे." त्यानं पेला घेतला. पाणी फार गरम होतं आणि तो ते तसंच ओढत राहिला. बियांत गेलेलं झाड चीक धरत नाही, आणि औषध त्या चिकातच असतं. जे तेल निघालं ते फिकट होतं, आणि ओमारला दुप्पट द्यावं लागू लागलं. हिवाळा अजून यायचा होता.

तिला सांगायचं, हे त्यानं ठरवलं होतं. कसं सांगायचं याचे त्यानं साचे करून पाहिले. एका साच्यात तो वाऱ्यापासून सुरुवात करी. म्हणजे दोष अर्धा पाम्पेरोचा होई. दुसऱ्यात वडिलांच्या हातांपासून. त्यात तो स्वतःलाच आवडू लागे, म्हणून तोही टाकून दिला. तिसऱ्यात नुसतं वाक्य होतं, आणि ते घेऊन तो दोनदा तिच्या दारापर्यंत गेला. एकदा तिनं दार उघडून हातात भोपळ्याच्या पुरणाची काहीतरी गोड वडी ठेवली आणि एकदा ती घरी नव्हती. घरी नव्हती तेव्हा त्याला जो हलकेपणा वाटला त्याची त्याला खूप दिवस लाज वाटली. यामांदू जिन्यात भेटे. उस्ताद म्हणणं त्यानं सोडलं होतं. मान हलवून बाजूला होई, एवढ्या मोठ्या अंगाचा माणूस भिंतीला चिकटून वाट देई. एल्बिओला वाटे, याला कळलंय. मग वाटे, नाही, याला फक्त एवढंच कळलंय की आपण बोललो नाही. मग वाटे, या दोन्हींत फरक तो काय.

जूनमध्ये, ऐन थंडीत, सकाळच्या कामाच्या वेळी, सुल्मानं भिंतीवर ठोकलं. त्यांची ती जुनी खूण होती: ये. तो हातावरची भुकटी झटकत गेला. स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली होती, खिडक्यांच्या काचा वाफेनं आंधळ्या झाल्या होत्या. ओमार घोंगडीत होता. टेबलावर, शेगडीच्या बाजूला, दह्याचा रिकामा डबा होता आणि डब्यात मातीतून वितीएवढं एक रोप. "त्यातलंच बी आहे," सुल्मा म्हणाली. "टाकून देणार होते सगळ्या. मग म्हटलं, एक लावून बघू. बाप कोण ते रोपाला विचारू." तिनं ते अगदी सहज सांगितलं. पुढे म्हणाली, की ते तिनं मुद्दाम उबेत ठेवलंय, आणि खतपाणी पोटभर दिलंय, म्हणजे उगीच थंडीचं नि उपासाचं निमित्त नको. यामांदूच्या झाडांना तर कधी रंग नव्हता, तिनं वरून वाकून पाहिलेली आहेत. "माझ्या डोळ्यांत आता दूध उतरलंय. मला हिरवंच दिसतं. ओमार म्हणतो, तपकिरी. ओमारला सगळंच तपकिरी दिसतं." तिनं डबा उचलून त्याच्या हातात दिला. "तू रंगांचा माणूस. तू सांग, हा देठ कोणता."

डबा हाताला कोमट लागला. त्याला भिंगाची गरज नव्हती. मातीतून वर येताना देठ हिरवा होता आणि पहिल्या पानांच्या खाली, जिथे तो सुईच्या टोकाएवढा रंग असायचा, तिथून तो वर चढला होता. पानांच्या शिरांत गेला होता. तरी तो खिडकीकडे गेला. मोठ्या उजेडात, उन्हात, दिव्याखाली रंग बघायचा नसतो. दक्षिणेच्या खिडकीत बघायचा, जिथे, या गोलार्धात, ऊन येत नाही. अशाच खिडकीत उभं राहून तीस वर्षं त्यानं दात पाहिले होते. बायका म्हणायच्या, एक छटा पांढरा करा ना, कुणाला कळणार आहे. आणि तो एक छटा पांढरा करी, आणि खरंच कुणाला कळत नसे. त्यानं बाहीनं काच पुसली. मागून सुल्माचा आवाज आला. "हिरवाच आहे ना?" तिनं विचारलं. मग थोडं थांबून, "की थंडीनं थोडा काळवंडलाय?" तिनं दोन दारं एका वेळी उघडून धरली होती. ती काय जाणते, काय नाही, हे त्याला तिच्या आवाजातून कळेना, आणि त्याला असंही वाटलं की ते कळून घ्यायचा हक्क आपल्याला नाही. हिरवा, एवढं म्हटलं असतं तर यामांदू कायमचा दोषी ठरून तळमजल्यावरच राहिला असता. थंडी म्हटलं असतं तर कुणाचंच काही झालं नसतं. सगळे जिथल्या तिथे राहिले असते, आणि शनिवारचा शुक्रवार होत राहिला असता. टेबलाच्या पायावर ओमारची लाथ बसली. कपाट किणकिणलं. लाथ पुन्हा बसली.

"इथे थंडी कुठे आहे," एल्बिओ म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज नेहमीसारखाच वाटला. "जांभळा आहे. माझ्याकडचा. मी तो नर उपटला नव्हता, दोन्या सुल्मा. रंगासाठी ठेवला होता. आणि पाम्पेरो आला तेव्हा खिडकी मीच उघडली."

शेगडीवरचं पाणी उकळू लागलं होतं. मातेचं पाणी उकळू द्यायचं नसतं, आणि सुल्मानं ते आयुष्यात कधी उकळू दिलं नसेल, पण ती उठली नाही. तिनं टेबलावरचे त्याचे चिमटे उचलले, जे तो एप्रिलपासून तिथेच विसरत होता; फडक्यात गुंडाळले आणि त्याच्यापुढे सरकवले. "मी त्या माणसाला चोर म्हणाले," ती म्हणाली. ती उठून गॅस बंद करायला गेली आणि पाठमोरीच उभी राहिली. ओमार त्याच्याकडे बघत होता. "म्हणजे गुडघा सुजला नव्हता," ओमार म्हणाला. "नव्हता," एल्बिओ म्हणाला. "तू खाली जा," सुल्मा पाठ न वळवता म्हणाली. "आधी तू जा. मी मग जाईन. आज सुट्टी आहे त्याला."

चिमटे त्यानं खिशात घातले, डबा हातातच राहिला. जिन्यातला दिवा आपोआप विझणारा होता आणि दुसऱ्या मजल्यावर तो विझला. त्यानं बटण शोधलं नाही, हात भिंतीला लावून उतरत राहिला. वळणावर बोटांना ओमारच्या बुटांचे ओरखडे लागले. चुना खरवडून खालची वीट लागली होती. तळमजल्यावर कांदा परतल्याचा वास येत होता आणि रेडिओवर कुणीतरी फुटबॉलच्या सामन्याबद्दल भांडत होतं. त्यानं दार वाजवलं. यामांदू हात फडक्याला पुसत आला. त्यानं आधी एल्बिओकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग डब्यातल्या रोपाकडे.

"हे काय," तो म्हणाला. "आता पुरावा घेऊन आलास?"

"हो," एल्बिओ म्हणाला. "तुझ्याकडे दक्षिणेची खिडकी आहे का? उजेडात दाखवावं लागेल."